खोक्याची ओटी

टेम्पोचं दार बाहेरून बंद झालं, कडी पडल्याचा आवाज आला आणि डोळ्यांपुढे मिट्ट काळोख झाला. मी खोक्यांच्या मागे गुडघ्यांवर बसलेली, नऊवारीचं टोक एका खोक्याच्या प्लास्टिकच्या पट्टीत अडकलेलं, हातात अडकित्ता. ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि गाणं लावलं. मी ओरडले. गाण्यातली बाई माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती, त्यानं तिचंच ऐकलं.

मे महिना, सुरतेची भर दुपार आणि चारी बाजूंनी पत्रा. जरा वेळानं पत्र्याला हात लागला तेव्हा तव्यावरच्या भाकरीला काय वाटत असेल ते कळलं. चढताना पाहिलं होतं, खोक्यांवर परदेशातला पत्ता लिहिला होता. मला वाचता येतं, पण तो इंग्रजीत होता. मी मनात म्हटलं, बाई, चौथीपर्यंत शिकलीस, तिथंच थांबायचं होतं. सत्तरी उलटल्यावर कायदा शिकायला तुला कोणी बोलावलं होतं?

आमच्या गल्लीतल्या बायकांनी सुरत पाहिलेली नाही. परत आल्यापासून त्या रोज ओट्यावर येऊन विचारतात, काय काय पाहिलं. प्रत्येकीला वेगळं सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना पुलाचं आणि बागेचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी वाचावं. मी ज्या रस्त्यानं सुरत पाहिली त्याला खिडकी नव्हती.

उधना

गाडीचं काही सांगत नाही. अमळनेरला बसले, उधन्याला उतरले, मधे झोपले. सोबत गव्हाचं एक पोतडं होतं. माझी लेक सुनंदा लग्न होऊन सुरतेला गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण सुरतेचा गहू हा गहू नव्हेच अशी माझी समजूत आहे. तिथं दुकानात काय वाटेल तो गहू मिळतो, आणि बहुतेक तो आमच्याच भागातून जातो, हे मला ठाऊक आहे. तरी मी नेते.

स्टेशनवर नात आली होती, स्कूटर घेऊन. तिचं नाव हेतल. आमच्या घराण्यात हेतल कोणी नव्हती, पण सुनंदाच्या गल्लीत त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्या पोरींना गुजराती नावं मिळाली, त्यात हिलाही मिळालं. ती पोतड्याकडे बघून म्हणाली की आजी, यात किडे असतील. मी तिथंच, फलाटावर, चार माणसांत सांगितलं की माझ्या गव्हाला मी कडुनिंबाचा पाला घालते, उन्हं देते, आणि त्यात एक किडा निघाला तर मी नाव बदलीन. लोक बघायला लागले. मग आम्ही स्कूटरवर बसलो, हेतल पुढे, मधे गहू, मागे मी, पोतड्याला मिठी मारून. उधन्यापासून सुनंदाच्या लिंबायतेपर्यंत मला पोतड्याशिवाय काही दिसलं नाही.

लिंबायत

घर सोडून परमुलखात जावं आणि तिथं आपलीच गल्ली भेटावी, तसं लिंबायतेचं आहे. पाट्या गुजरातीत, रिक्षावाले हिंदीत, पण नळावर भांडण सुरू झालं की ते अहिराणीत. पहिल्या सकाळी मी ते ऐकलं आणि मला वाटलं, अरे, मी निघालेच नाही का? फरक एवढाच की आमच्याकडे भांडण ऐकू येतं. तिथं शेजारच्या लूमच्या खात्याची, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याची, खटखट दिवसरात्र चालू असते, त्यामुळे बायका भांडतात कमी आणि हातवारे करतात जास्त.

जावई लूमवर रात्रपाळी करतात आणि दिवसा वरच्या खोलीत झोपतात. त्या खटखटीत त्यांना झोप लागते. मी आले त्या दिवशी वीज गेली, खातं बंद पडलं आणि सगळीकडे शांतता झाली, तर ते दचकून उठून बसले.

खालच्या खोलीत सुनंदाची शिलाई मशीन होती आणि बाकी सगळीकडे चणिया-चोळ्या. चणिया म्हणजे नवरात्रात गरबा खेळताना घालतात तो घेरदार घागरा. त्यावर आरसे, लेस, टिकल्या. सुनंदानं इतकी वर्षं बाजारातल्या व्यापाऱ्यांची कामं घरी आणून केली. काम तिचं, नाव दुसऱ्याचं. या वर्षी पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर ऑर्डर होती, आणि ती थेट न्यूझीलंडची. तिकडे रमीलाबेन म्हणून नवसारीकडची एक बाई दुकान चालवते. तिनं कोणाकडे तरी सुनंदाचं काम पाहिलं आणि फोनवर बोलून सगळं ठरवलं. माल जहाजानं जाणार, वेळेत पोचून नवरात्राआधी विकला जाणार. यंदा नीट पोचला तर दर वर्षी. नाही पोचला तर सुनंदा परत व्यापाऱ्याच्या दारात. हे तिनं मला एकदाच सांगितलं, सुई दातात धरून, आणि पुन्हा विषय काढला नाही. बोलायची तिची पद्धत माझ्यासारखीच आहे, त्यामुळे आमचं फार वेळ पटत नाही.

कोपऱ्यावरचा लोचो

सुरतेला जाऊन लोचो खाल्ला नाही असं कोणी म्हणू नये म्हणून हेतल मला घेऊन गेली. गाडीवाल्यानं वाफेच्या भांड्यातून डाळीचं काहीतरी गिचगिचीत खरवडून काढलं, ताटलीत थापलं, वर तेल, शेव, कांदा. मला वाटलं, बिचाऱ्याचा ढोकळा बिघडला. मी त्याला धीर दिला. म्हटलं, राहू दे बाबा, पीठ सैल झालं असेल, उद्या जमेल. हेतलनं दुसरीकडे तोंड केलं. गाडीवाला मोठा समजूतदार, तो म्हणाला, "बा, रोज बिगडे छे, एटले तो लाईन लागे छे." रोज बिघडतं म्हणूनच तर रांग लागते. मी मागे पाहिलं तर खरंच रांग होती. खाऊन पाहिला. दोन ताटल्या खाल्ल्या. आमच्याकडे बिघडलेलं म्हशीला घालतात, तिथं त्यावर लिंबू पिळतात. कोण शहाणं ते तुम्ही ठरवा.

गच्ची

हेतल वकिलीचं शिकते. त्यात तिला या वर्षी एक विषय होता, देशादेशांतल्या व्यापाराचा कायदा. तिच्या मॅडमनी सांगितलं होतं की या विषयाची ओळख घरातल्या अशा माणसाला करून द्या ज्याला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. त्याला समजलं तर तुम्हाला समजलं. हेतलनं हे जेवताना सांगितलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जावईसुद्धा, जे सहसा माझ्याकडे पाहत नाहीत.

मग संध्याकाळी गच्चीवर वर्ग भरायला लागला. विद्यार्थिनी एकच, तीही सुपारी कातरणारी.

पहिल्या धड्यात तिनं विचारलं की मम्मी इथं, रमीलाबेन तिकडे, उद्या भांडण झालं तर कोणाच्या कोर्टात जायचं? मी म्हटलं, जो खरा असेल त्याच्या. ती म्हणाली की प्रत्येकाला आपणच खरे वाटतो. साऱ्या जगाचं मिळून एक कोर्ट नाही, जिथं कोणीही जाऊन फिर्याद करील. म्हणून सौदा करतानाच लिहून ठेवायचं की कोणत्या देशाचा कायदा लागू, आणि भांडण कोण मिटवणार. पुष्कळदा दोघांना चालतील असे पंच नेमतात, तिसऱ्या गावात. हे मला लगेच कळलं. आमच्याकडे सोयरिकीतली भांडणं अशीच मिटतात, ना लेकीच्या माहेरी, ना सासरी. मी विचारलं, पंचांना जेवण कोण घालतं? ती म्हणाली, दोघं अर्धा अर्धा खर्च करतात. मी म्हटलं, मग पंचांना कसं कळणार कोणाच्या बाजूनं बोलायचं? हेतलनं पुस्तक मिटलं. त्या दिवशीचा वर्ग संपला.

दुसरा धडा जोखमीचा. माल वाटेत बुडाला तर कोणाचा बुडाला? विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? ती समजावत होती, मी चुकत होते. मी आधी म्हटलं, जहाजवाल्याचा. मग म्हटलं, देवाचा. शेवटी ती कंटाळली आणि म्हणाली, "आजी, माल म्हणजे लेक समज. जहाजावर चढेपर्यंत तिची काळजी आपली. एकदा चढली की सासरची."

याहून सोपं कोणी मला काही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, समजलं. आणि समजलंच होतं, हाच घोटाळा झाला. तिनं उदाहरण दिलं होतं आणि मी ते घरी घेऊन आले.

खालची खोली

निघायच्या आदल्या दिवशी माल खोक्यांत भरला. गल्लीतल्या बायका घड्या घालायला आल्या होत्या. मी एका कोपऱ्यात बसून बघत होते. सगळं व्यवस्थित होतं, प्लास्टिक, कागद, पट्ट्या. पण लेक सासरी चालली आणि ओटी रिकामी? माझ्या मनाला काही ते पटेना. आमच्याकडे लेक वेशीबाहेर निघाली की ओटीत गहू, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि खण घातल्याशिवाय कोणी तिला जाऊ देत नाही. त्याशिवाय पाठवलं तर लोक विचारतात, आई मेली का हिची?

मी विधवा. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात. हेतलच्या आईची ओटी मी गेली कित्येक वर्षं भरलेली नाही, ती माहेराहून निघाली की शेजारीण भरते आणि मी चुलीपाशी काहीतरी शोधत असते. पण खोक्याला काय कळतं, भरणारी सवाष्ण आहे की नाही? बायका जेवायला गेल्या तेव्हा मी माझ्या पोतड्यातला गहू घेतला, हळकुंड, चंचीतली सुपारी, खोबरं, सगळं एका खणात बांधलं आणि एका उघड्या खोक्यात, घागऱ्यांच्या घड्यांत खोल सारून दिलं. खोक्याच्या बुडाला कुंकवाचं बोट लावलं. थोरल्या लेकीची भरली की बाकीच्यांची भरल्यासारखीच, म्हणून एकातच. मग हात धुऊन जेवायला बसले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिसरा धडा

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली टेम्पोत खोकी चढत होती आणि वर हेतल मला शेवटचा धडा सांगत होती. माझं कौतुक चाललं होतं. आजीला सगळं कळलं, आता एवढंच राहिलं. तर ते असं, की सौदा दोघांचा असला तरी प्रत्येक देश आपल्या दारात उभा असतो. काय आत घ्यायचं ते तो ठरवतो, आणि त्यापुढे तुमच्या करारातलं काही चालत नाही. न्यूझीलंड म्हणजे तर बेट. शेतीवर, गुरांवर जगणारा देश. तिथं बाहेरचं धान्य, बी, पान, मातीचं ढेकूळ काही चालत नाही, त्यातून किडा येईल म्हणून. सापडलं तर माल अडकवतात, धुरी देतात, परत पाठवतात नाहीतर जाळतात. आणि आपला माल थोडा, म्हणून तो दुसऱ्या लोकांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जाणार. आपल्या एका खोक्यात काही निघालं तर सगळ्यांचाच माल थांबला.

"समजलं ना आजी?"

मी म्हटलं, समजलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सरळ उठून सुनंदाला म्हणायचं, एका खोक्यात गहू आहे, काढ. पण खाली सुनंदा मशीनवर हात ठेवून उभी होती. नुसती उभी. मी तिला रिकामी उभी राहिलेली लग्नानंतर पाहिलेली नव्हती. म्हटलं, हिला कळायच्या आत आपणच काढून घेऊ. बुडाला कुंकू आहे, लगेच सापडेल. शेजारी पापड लाटायला जाते असं सांगून मी खाली उतरले. ड्रायव्हर पाणी प्यायला गेला होता, दार उघडं होतं. स्टूल ठेवलं आणि चढले. माझे गुडघे मला देवळाची पायरी चढू देत नाहीत, पण चोरी करायला चढू देतात.

खोकं उलटं केल्याशिवाय बूड दिसत नाही, हे मला आत गेल्यावर कळलं. पावलांचा आवाज आला. मला वाटलं, सुनंदा. मी खाली वाकले. इतकी चांगली वाकले की ड्रायव्हरला काही म्हणजे काही दिसलं नाही.

टेम्पो

आता पहिल्या ओळीपाशी आलो.

दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती. तिला नाक लावलं की जरा हवा मिळे, पण तिथं बसलं की खोकी शोधता येत नव्हती. मी थोडं नाक लावत होते, थोडं शोधत होते. एकेक खोकं ओढायचं, अडकित्त्यानं चिकटपट्टी कापायची, हात आत घालून चाचपायचं. आरसे, लेस, आरसे. कुंकवाचा अंधारात काही उपयोग नाही. टेम्पो वळला की खोकं माझ्या अंगावर, थांबला की मी खोक्यावर. लुगडं घामानं अंगाला चिकटलं. तोंड असं कोरडं पडलं की सुपारीचं खांड तोंडात टाकलं तर ते तसंच राहिलं.

मरणाचं मला काही वाटत नाही, वय झालं आहे. पण डोक्यात आलं की आता गेलो तर या खोक्यांबरोबर जहाजावर चढू, आणि तिकडच्या दारात माणसं मला बाहेर काढतील. लुगड्यात हळद, चंचीत सुपारी, नखांत आमच्या शेतातली माती. धान्यापेक्षा मीच जास्त जप्त करण्यासारखी. मला धुरी देतील आणि परत पाठवतील. आणि सुनंदाची ऑर्डर जाईल. या शेवटच्या विचारानं मात्र मी पुन्हा हात घातला.

गाठोडं सापडलं ते नाकानं. सुक्या खोबऱ्याचा वास आला. मी ओढलं, ते घागऱ्याच्या नाडीत अडकलं होतं. अडकित्त्यानं नाडी कापायला गेले आणि खण कापला. गहू हाताखालून सुर्र करून गेला. आवाजच ऐकला. जितका मुठीत आला तितका गोळा करून फाटक्या गाठोड्यासकट कमरेला बांधला आणि फटीपाशी जाऊन पडले. त्यानंतर अडकित्ता पत्र्यावर आपटत राहिले. रस्त्यात कोणी ऐकलं असेल, पण सुरतेत आपटाआपटीकडे लक्ष देत बसलं तर दिवस पुरायचा नाही.

गोडाऊन

सचिन नावाच्या गावाच्या पुढे हमरस्त्यावर माल गोळा करणाऱ्या एका कंपनीचं गोडाऊन आहे. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि मी त्याच्या अंगावर पडले. तो माणूस बिहारकडचा, नाव बबलू. त्यानं मला धरलं, खाली बसवलं, डोक्यावर बाटली ओतली आणि मग हात जोडून म्हणाला, "माताजी, आप माल में कब आईं?"

गोडाऊनचा माणूस, जयंतीभाई, कागद घेऊन बाहेर आला. त्यानं खोकी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "बाने पण मोकलवानां छे?" आजींनाही पाठवायचंय का, म्हणून. कोणी हसलं नाही, कारण तेवढ्यात माल सोपवायला स्कूटरवरून सुनंदा आणि हेतल पोचल्या होत्या.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, कापलेल्या खोक्यांकडे पाहिलं. "हाई काय करं व माय तू?"

मी पाणी पीत होते, म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला. तोवर जयंतीभाईनं रोजचा प्रश्न विचारला की आत कपड्यांशिवाय दुसरं काही? सुनंदा म्हणाली, काही नाही. ती खरं बोलत होती. तिच्या माहितीप्रमाणे खरंच.

आता बघा, गाठोडं माझ्या कमरेला होतं. कोणी पाहिलं नव्हतं. उष्णता डोक्यात गेली म्हणून म्हातारी चढली, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मुठीत आलेला गहू मी घातलेल्या गव्हाच्या अर्धाही नव्हता.

मी म्हटलं, "आहे. गहू आहे. मी घातला."

कुठून, कसा, का, ते सगळं सांगावं लागलं. मराठीत सुनंदाला, हेतलनं गुजरातीत जयंतीभाईला आणि बबलूनं स्वतःच हिंदीत स्वतःला. खोक्याची ओटी भरली, हे वाक्य तीन भाषांत ऐकलं आणि तिन्हींत ते सारखंच मूर्खपणाचं वाटलं. हेतलचा चेहरा पडला. लेकीचं उदाहरण तिचंच होतं ना.

जयंतीभाई रागावला नाही, त्याचं मला जास्त भय वाटलं. तो म्हणाला, बाकीची उघडा, तपासा, नवी पट्टी लावा. ते एक खोकं इथं रिकामं करा. संध्याकाळी गोडाऊन बंद होतं, त्यानंतर आलेला माल या जहाजाला नाही.

मग बाहेरच्या सिमेंटच्या ओट्यावर स्वच्छ चादर अंथरली आणि सुनंदानं पहिला घागरा झटकला. टिक. एक दाणा पडला. पुन्हा झटकला, काही नाही. घडी घातली. पुन्हा उघडून झटकला, टिक. आरशाच्या कडेला, लेसच्या चुणीत, अस्तराच्या शिवणीत गहू जाऊन बसला होता. बबलू झटकायला लागला, जयंतीभाई चष्मा लावून बघायला लागला. मी मदतीला हात पुढे केला तर सुनंदा म्हणाली, "तू बस. तुझी मदत झाली." मी बसले. जन्मभर धान्य निवडलं त्या बाईला धान्य निवडायची मनाई झाली.

सावल्या लांब व्हायला लागल्या. एक घागरा पूर्ण साफ झाला असं सगळ्यांचं मत पडलं. सुनंदानं तो उभा धरला, उलटा केला, एकदाच झटकला. टिक.

तिनं तो दाणा चिमटीत उचलला. मग म्हणाली, "हाई खोकं ऱ्हाऊ दे." एवढंच. त्या खोक्यातले घागरे तिनं स्वतःच्या हातानं शिवले होते, बायकांना दिले नव्हते. तिनं ते वेगळे केले आणि बाकीच्या खोक्यांना पट्ट्या लावायला बसली.

आता रमीलाबेनला काय सांगायचं? जावई फोनवर म्हणाले की नका सांगू, तिकडे गेल्यावर बघू. हेतल म्हणाली, नाही. कमी माल पाठवून गप्प बसलं तर आपण करार मोडला. आधी सांगितलं आणि तिनं मानलं, तर तो नवा ठराव झाला. तिनं फोन लावला. तिकडे रात्र पडली होती. हेतल गुजरातीत बोलत होती, अगदी वकिलासारखी, आणि मधेच तिचा आवाज रडवेला झाला, पण ती थांबली नाही. सगळं सांगितलं, माझ्यासकट.

मग रमीलाबेननं विचारलं, "बा जीवे छे ने?"

हेतलनं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, जिवंत आहे. मग त्या बाईनं व्यवहाराचं बोलणं केलं. धान्याचा एक दाणाही नको. राहिलेला माल धुऊन, तपासून विमानानं पाठवा, भाडं तुमचं. पुढच्या वेळी बांधाबांध होईल तेव्हा आजींना दुसऱ्या गावी ठेवा. हेही करारात लिहायला तिची हरकत नव्हती. पण पुढच्या वेळी, हे शब्द तिनं वापरले होते. सुनंदानं ते ऐकले. पट्टी लावताना तिचा हात हलका झाला.

गोडाऊन बंद व्हायच्या आत खोकी आत गेली.

परत लिंबायत

परतताना मी बबलूच्या शेजारी पुढे बसले, खिडकीपाशी. त्यानं गाणं लावलं आणि विचारलं, आवाज बंद करू का माताजी? मी म्हटलं, राहू दे, ही बाई माझ्या ओळखीची आहे.

घरी हेतलला मी विचारलं की हे नुकसान कायद्यानं कोणाचं? ती म्हणाली, माल अजून जहाजावर चढला नव्हता, म्हणजे जोखीम आपलीच. आणि माझी जोखीम कोणाची? "तू करारातच नव्हतीस, आजी." मॅडमसमोर तिनं हे सगळं वर्गात सांगितलं. मुलांना विषय समजला म्हणे. उदाहरणं मात्र यापुढे जपून द्या, असं मॅडम म्हणाल्या.

माझ्या परतीच्या दिवशी सुनंदानं भाकरी बांधून दिली, वर मिरचीचा ठेचा. दाराशी आल्यावर म्हणाली की दिवाळीला येईन तेव्हा निघताना ओटी तूच भर. खोक्यांची भरण्यापेक्षा ते बरं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "उगी ऱ्हाय." मी उगी राहिले.

एक गोष्ट राहिली. त्या संध्याकाळी, टेम्पोतून आल्यावर, सुनंदानं माझ्या कमरेचं गाठोडं सोडून ताटात ओतलं होतं. फाटका खण, हळकुंड, सुपारी, खोबरं आणि अर्धी मूठ गहू. माझा गहू, कडुनिंबातला, उन्हं दिलेला. आम्ही तिघी बघत होतो. एक दाणा हलला आणि त्याच्याखालून एक पोरकिडा निघाला, काळा, तरतरीत. ताटाच्या काठापर्यंत चालत गेला आणि तिथं थांबला.

नाव मी बदललेलं नाही. पण त्या दुपारी त्या बंद टेम्पोतून जिवंत बाहेर आलो ते दोघंच, मी आणि तो.